सव्वातीनशे तास विमान उडवलेला पोरगा पुन्हा पहिल्या बाकावर का बसला? चार्ल्स लिंडबर्गची गोष्ट

घरात एखाद्या मुलाने किंवा मुलीने एअरफोर्समध्ये पायलट व्हायचं ठरवलं, की एक प्रश्न कधी ना कधी येतोच. आधी बाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमान शिकून घ्यावं का? म्हणजे सैन्याच्या प्रशिक्षणात बाकीच्यांपेक्षा चार पावलं पुढे राहता येईल?

काहीजण म्हणतात, अर्थातच. विमान हातात घेतलेल्या माणसाला भीती राहत नाही. काहीजण बरोबर उलटं सांगतात. बाहेर शिकलेल्याला वाईट सवयी लागतात, त्या मोडण्यातच अर्धा वेळ जातो, त्यापेक्षा कोरी पाटी बरी.

या वादाचं उत्तर देणारी एक खरी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडली. त्या गोष्टीतला मुलगा पुढे जगातला सगळ्यात प्रसिद्ध पायलट झाला. चार्ल्स लिंडबर्ग. न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास मध्ये कुठेही न थांबता, एकट्याने करणारा पहिला माणूस. त्याचं ते उड्डाण बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण त्याआधी ३ वर्षं तो आर्मीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये साधा कॅडेट होता, आणि तिथे जाताना त्याच्या खात्यात सुमारे ३२५ तासांचं उड्डाण जमा होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्या ३२५ तासांचा त्याला उपयोग झाला का? चला, सुरुवातीपासून बघूया.

शाळेत न रमणारा मुलगा

चार्ल्सचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ चा, डेट्रॉइट शहरातला. बालपण गेलं मिनेसोटा राज्यातल्या लिटल फॉल्स या गावाजवळच्या शेतावर. वडील राजकारणात होते. १९०७ ते १९१७ अशी १० वर्षं ते अमेरिकी संसदेत खासदार होते. आई रसायनशास्त्राची शिक्षिका. आईवडिलांचं फारसं पटायचं नाही, दोघं बहुतेक वेळ वेगळेच राहायचे. त्यामुळे पोराची कधी वॉशिंग्टनला, कधी मिनेसोटाला, कधी कॅलिफोर्नियाला अशी फरफट व्हायची. लहानपणी त्याने डझनभराहून जास्त शाळा बदलल्या.

अशा मुलाची अभ्यासात गोडी टिकणं कठीणच. त्याचं मन रमायचं ते यंत्रांमध्ये. गाडी, मोटरसायकल, ट्रॅक्टर, जे हाताला लागेल ते उघडून बघायचं. १९२० मध्ये तो विस्कॉन्सिन विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगला गेला. तिथे रायफल आणि पिस्तूल नेमबाजीत चमकला, पण वर्गात मात्र घसरत गेला. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर नापासांचा आकडा इतका वाढला की विद्यापीठ सोडावं लागलं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो महत्त्वाचा आहे.

८ तासांचं शिक्षण आणि अडकलेलं सोलो

एप्रिल १९२२ मध्ये २० वर्षांचा चार्ल्स नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात पोहोचला. तिथे एक विमान कंपनी फी घेऊन उड्डाण शिकवायची. ९ एप्रिलला तो आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला, प्रवासी म्हणून. त्यानंतर जवळपास ८ तासांचं प्रशिक्षण झालं.

आता पायलटच्या शिक्षणात एक टप्पा येतो, त्याला सोलो म्हणतात. म्हणजे शिक्षक खाली उतरतो आणि विद्यार्थी एकटा विमान घेऊन जातो. चार्ल्सचा शिक्षक त्याला सोडायला तयार होता. पण विमानाचं नुकसान झालं तर भरपाई म्हणून आगाऊ रक्कम ठेवा, असं कंपनीचं म्हणणं होतं. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. त्यातच शिकवणीचं ते एकमेव विमानही विकलं गेलं. झालं, शिक्षण तिथेच थांबलं.

पण पोरगा हटला नाही. त्याकाळी अमेरिकेत गावोगावी फिरून विमानाचे खेळ दाखवणारे पायलट असायचे. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ असतो, तसाच प्रकार. जत्रेच्या जागी मोकळं शेत आणि मोटरसायकलच्या जागी विमान. अशाच एका पायलटबरोबर चार्ल्स मदतनीस म्हणून जोडला गेला. तो उडत्या विमानाच्या पंखावर चालायचा, पॅराशूट घेऊन उडी मारायचा, जमिनीवर असला की इंजिन दुरुस्त करायचा. पोस्टरवर त्याचं नाव धाडसी लिंडबर्ग म्हणून झळकायचं. मजा म्हणजे गावकरी ज्याला पायलट समजत होते, त्याने अजून एकदाही एकट्याने विमान उडवलेलं नव्हतं!

५०० डॉलरचं विमान

पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी आर्मीकडे शिकवणीची हजारो विमानं शिल्लक पडली होती. ती स्वस्तात विकली जात. त्यातलं सगळ्यात लोकप्रिय मॉडेल म्हणजे कर्टिस जेएन-४. लोक प्रेमाने त्याला जेनी म्हणायचे. मे १९२३ मध्ये चार्ल्स जॉर्जिया राज्यातल्या साउथर फील्डवर गेला आणि ५०० डॉलरला एक जेनी विकत घेतली.

मालक तर झाला, पण उडवणार कसं? गेल्या ६ महिन्यांपेक्षा जास्त काळ त्याने विमानाचं सुकाणू धरलं नव्हतं, आणि एकट्याने तर कधीच नाही. हे तिथे कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. त्याने तसंच विमान सुरू केलं, जमिनीपासून काही फूट उचललं आणि घाबरून वेडंवाकडं खाली टेकवलं. बघणाऱ्या एका अनोळखी पायलटच्या लक्षात सगळा प्रकार आला. तो आपणहून पुढच्या सीटवर बसला, अर्धा तास उड्डाणं आणि लँडिंग करून घेतली आणि म्हणाला की आता संध्याकाळी वारा पडला की एकटा जा. त्या संध्याकाळी चार्ल्सचं पहिलं सोलो झालं.

आठवडाभर सराव करून पठ्ठ्या निघाला गावोगाव. माणशी ५ डॉलर घेऊन लोकांना काही मिनिटं आकाशात फिरवून आणायचं, हा धंदा. मिसिसिपी राज्यातल्या मेबन गावाजवळ वादळ आलं म्हणून त्याने शेतात विमान उतरवलं, तर ते थेट चरात गेलं आणि प्रोपेलर मोडला. नवा प्रोपेलर मागवला आणि तो बसवून त्याच गावात लोकांना फिरवत पैसे वसूल केले. पुढे वडिलांच्या निवडणूक प्रचारासाठी मिनेसोटाला विमान नेलं, तर तिथेही अपघात झाला. एकदा तर आईच त्याच्याबरोबर १० दिवस अशा दौऱ्यावर फिरली.

या सगळ्यात तो काय शिकला? वाऱ्याचा अंदाज, शेतात उतरायची जागा हेरणं, इंजिनाच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखणं. कुठल्याही पुस्तकात नसलेलं शिक्षण होतं हे. त्या हिवाळ्यात सेंट लुईसला तो इतरांना विमान शिकवूही लागला. म्हणजे आता तो चक्क मास्तर झाला होता.

भरकटलेलं विमान आणि हार्डवेअरचं दुकान

पण काय शिकला नव्हता, तेही बघा.

१९२४ च्या सुरुवातीला, आर्मीत दाखल होण्याच्या काही आठवडे आधी, तो एका मित्राबरोबर टेक्सासमधून विमान नेत होता. दोघं रस्ता चुकले आणि भलतीकडेच निघाले. शेवटी कॅम्प वूड नावाच्या छोट्या गावाजवळ उतरावं लागलं. पुन्हा उड्डाण घ्यायला मोकळी जागा मिळेना, म्हणून गडी गावातल्या रस्त्यावरूनच निघाला. वाटेत टेलिफोनचे दोन खांब होते. त्यांच्यातलं अंतर विमानाच्या पंखांपेक्षा जेमतेम जास्त. चाक खड्ड्यात गेलं, पंख खांबाला लागला, विमान गर्रकन फिरलं आणि नाकासकट एका हार्डवेअरच्या दुकानाच्या भिंतीत घुसलं.

कुणाला लागलं नाही. दुकानदाराने नुकसानभरपाईसुद्धा घेतली नाही, कारण या प्रकरणामुळे दुकानाची जी जाहिरात झाली ती भिंतीपेक्षा महाग होती!

किस्सा गमतीचा आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. या पायलटला विमान उडवता येत होतं, पण ठरलेल्या ठिकाणी हिशोबाने पोहोचणं अजून जमत नव्हतं. धोका किती घ्यायचा, कुठे नाही म्हणायचं, याला कसलीच शिस्त नव्हती.

मग आर्मी कशासाठी?

साहजिक प्रश्न आहे. स्वतःचं विमान उडवून पैसे कमावणारा माणूस परेड करायला, पहाटे बिछाना नीट लावायला आणि सार्जंटच्या शिव्या खायला कशाला जाईल?

उत्तर सोपं होतं. चांगली विमानं आर्मीकडे होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये सेंट लुईसला मोठ्या विमान शर्यती झाल्या. तिथे चार्ल्सने सैन्याची वेगवान विमानं जवळून पाहिली. त्याच्या जेनीचं इंजिन ९० अश्वशक्तीचं. आर्मीकडच्या डी हॅविलँड विमानांना ४०० अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन. शेतातून ५ डॉलरच्या फेऱ्या मारून तसं विमान आयुष्यात हाती लागलं नसतं. आर्मीत गेलं, तर ते उडवायला मिळणार होतं आणि वर पगारही.

त्याने अर्ज केला. जानेवारी १९२४ मध्ये परीक्षा झाली. मार्चमध्ये तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराजवळच्या ब्रुक्स फील्डवर कॅडेट म्हणून दाखल झाला.

१०४ जणांची बॅच

ब्रुक्सवर त्याच्या बॅचमध्ये १०४ जण होते. अभ्यासक्रम वर्षभराचा. पहिले ६ महिने ब्रुक्सवर प्राथमिक प्रशिक्षण, त्यानंतरचे ६ महिने शेजारच्या केली फील्डवर प्रगत प्रशिक्षण. कमी पडणाऱ्याला सरळ घरी पाठवायचं, ही पद्धत. आज रात्री शेजारच्या खाटेवर झोपलेला मित्र उद्या सकाळी सामान बांधताना दिसायचा.

उड्डाणाच्या बाबतीत चार्ल्सला धास्ती नव्हती. प्राथमिक प्रशिक्षणाचं विमान त्याच्या ओळखीचं होतं. तीच जेनी, फक्त इंजिन जास्त ताकदीचं. बाकीची मुलं पहिल्यांदाच हवेत जाऊन पोटात गोळा येण्याचा अनुभव घेत होती, तेव्हा हा त्या सगळ्यातून कधीच पार झालेला होता. ज्यांचं उड्डाण कच्चं होतं ते एकेक करून गळू लागले. इथे त्याचे ३२५ तास सरळसरळ कामी आले.

पण खरा धक्का बसला तो जमिनीवर.

फोटोग्राफीत ७२

सैन्याचं फ्लाइंग स्कूल म्हणजे फक्त विमान चालवणं नव्हतं. फोटोग्राफी, नेव्हिगेशन, हवामान, इंजिन, रेडिओ, मशीनगन, लष्करी कायदा अशा विषयांचे वर्ग असायचे आणि प्रत्येकाची लेखी परीक्षा. पास व्हायला ७० गुण लागायचे. दोन विषयांत नापास झालात, की तुम्ही कितीही भारी पायलट असा, गाशा गुंडाळायचा.

पहिल्याच परीक्षेत, फोटोग्राफीच्या पेपरात, चार्ल्सला ७२ गुण पडले. केवळ २ गुणांनी वाचला.

विचार करा, त्याच्या मनात काय आलं असेल. विद्यापीठातून दोनच वर्षांपूर्वी नापास होऊन बाहेर पडलेला मुलगा. त्याचं सगळं आयुष्य आता विमानाभोवती गुंफलेलं. आणि ते विमान हातातून जाणार होतं पंख तुटून नव्हे, तर पेपर कच्चे गेल्यामुळे. इथे त्याचे ३२५ तास काडीच्याही कामाचे नव्हते. परीक्षकाला काय घेणं होतं, तुम्ही मिसिसिपीत किती गावकऱ्यांना फिरवलंत त्याच्याशी?

त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरोखर अभ्यास केला. शनिवार-रविवार बाकीचे शहरात फिरायला गेले, की हा पुस्तकं घेऊन बसायचा. रात्री बराकीतले दिवे ठरल्या वेळी बंद व्हायचे. मग दिवा चालू असणारी एकच जागा उरायची, ती म्हणजे संडास. तिथे बसून तो वाचायचा. काही आठवड्यांत गुण नव्वदीच्या पुढे गेले.

याच काळात वडील गंभीर आजारी पडले. मेंदूत गाठ होती. रजा घेऊन तो त्यांना भेटून आला. मे १९२४ मध्ये वडील गेले. २२ वर्षांच्या मुलासाठी हा घाव मोठा होता, पण वर्गातून मागे पडणं परवडणारं नव्हतं. त्याने प्रशिक्षण चालू ठेवलं.

ब्रुक्सचे ६ महिने संपले, तेव्हा १०४ पैकी ३३ जण उरले होते.

दोन विमानांची टक्कर

केली फील्डवर सगळंच नवीन होतं. ताकदवान डी हॅविलँड, जवळजवळ उडणाऱ्या विमानांची फॉर्मेशन, मशीनगनचा नेम, बॉम्ब टाकण्याचा सराव, लांब पल्ल्याचा प्रवास. खेळ दाखवणाऱ्या पायलटने यातलं काहीच केलेलं नसतं. तो आकाशात एकटा असतो, मनाचा राजा. इथे शेजारच्या विमानाच्या पंखापासून ठरावीक अंतर ठेवून, दुसऱ्याच्या हुकमावर, सेकंदाच्या हिशोबाने उडायचं होतं. शेवटच्या टप्प्यात चार्ल्सची निवड लढाऊ विमानांच्या गटात झाली.

मार्च १९२५. पदवीदान काही दिवसांवर आलं होतं. एसई-५ प्रकारची छोटी लढाऊ विमानं गटाने एका डी हॅविलँडवर लुटुपुटूचा हल्ला करत होती. सूर मारून वर येताना चार्ल्सचं विमान दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या विमानावर आदळलं. दोन्ही विमानं एकमेकांत अडकली आणि तशीच गरगरत खाली येऊ लागली.

दोघांनीही पॅराशूटने उड्या मारल्या. दोघंही वाचले. हवेतल्या टक्करीनंतर दोन्ही पायलट पॅराशूटमुळे वाचल्याची ही पहिलीच घटना मानली जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, साधारण तासाभरात दोघं पुन्हा विमानात बसून हवेत होते.

नंतर चार्ल्सने या अपघाताचा लेखी अहवाल दिला. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, विमान कोणत्या कोनात होतं, उडी कधी मारली, हे सगळं त्यात नीट मांडलेलं होतं. वर्षभरापूर्वी हार्डवेअरच्या दुकानात घुसलेला तो हाच मुलगा. आता तो स्वतःच्या अपघाताकडे थंड डोक्याने बघायला शिकला होता. दुकानातल्या अपघाताचा किस्सा झाला होता, या अपघाताचा अहवाल झाला.

१४ मार्च १९२५ रोजी बॅच बाहेर पडली. १०४ पैकी शेवटपर्यंत टिकले १८. त्यांच्यात पहिला आला चार्ल्स लिंडबर्ग.

मग अनुभवाचा फायदा झाला की नाही?

झाला, पण जिथे वाटतं तिथे नाही.

बाहेरच्या अनुभवाने त्याला भीती घालवून दिली. त्यामुळे पहिल्या ६ महिन्यांत, जेव्हा बाकीच्यांचं सगळं लक्ष विमान सरळ ठेवण्यात जात होतं, तेव्हा त्याचं डोकं मोकळं होतं. ते मोकळं डोकं त्याने पुस्तकांना दिलं. हा त्याचा खरा फायदा.

पण परीक्षेत त्या तासांचे गुण मिळाले नाहीत, फॉर्मेशनमध्ये मिळाले नाहीत, नेम धरण्यात मिळाले नाहीत. समजा फोटोग्राफीचा पेपर २ गुणांनी खाली गेला असता आणि तरी तो मला सगळं येतं या तोऱ्यात राहिला असता, तर बॅचमधला सगळ्यात अनुभवी पायलट सगळ्यात आधी घरी गेला असता. वाचवलं ते अनुभवाने नाही, तर आपल्याला काय येत नाही हे वेळेत कळल्याने.

टपालाच्या पिशव्या ते पॅरिस

गंमत बघा. इतकं सगळं करून आर्मीला तेव्हा पायलटांची गरजच नव्हती! लिंडबर्गला राखीव दलात सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला आणि तो पुन्हा नागरी आकाशात आला. पुढे तो मिसुरी राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये दाखल झाला आणि तिथे कॅप्टनही झाला.

१५ एप्रिल १९२६ पासून तो सेंट लुईस ते शिकागो विमानाने टपाल नेऊ लागला. रात्र, धुकं, बर्फ काहीही असो, टपाल वेळेत पोहोचलं पाहिजे. त्या एका वर्षात धुकं आणि संपलेलं इंधन यामुळे दोनदा त्याला रात्री पॅराशूटने उडी मारावी लागली. दोन्ही वेळा तो पडलेल्या विमानापर्यंत गेला, टपाल शोधलं आणि पुढे पाठवलं.

न्यूयॉर्क ते पॅरिस थेट उड्डाणासाठी २५,००० डॉलरचं बक्षीस १९१९ पासून पडून होतं. त्यामागे मोठमोठी नावं होती. फ्रान्सचा रेने फाँक हा पहिल्या महायुद्धातला दोस्त राष्ट्रांचा सगळ्यात यशस्वी लढाऊ पायलट. सप्टेंबर १९२६ मध्ये त्याचं विमान उड्डाण घेतानाच कोसळलं आणि दोन साथीदार गेले. एप्रिल १९२७ मध्ये अमेरिकी नौदलाचे दोन अधिकारी चाचणी उड्डाणात मेले. ८ मे १९२७ ला फ्रान्सचा युद्धवीर नंजेसर आणि त्याचा जोडीदार कोली पॅरिसहून निघाले आणि कायमचे नाहीसे झाले. म्हणजे नुसतं लष्करी प्रशिक्षण पुरेसं होतं असंही नाही.

लिंडबर्गची योजना वेगळी होती. एक इंजिन, एक माणूस, जमेल तेवढं कमी वजन. सॅन दिएगोच्या रायन कंपनीने साधारण ६० दिवसांत विमान बांधलं. नाव ठेवलं स्पिरिट ऑफ सेंट लुईस. रेडिओ नाही. इंधनाची टाकी पुढे असल्याने समोर बघायला सरळ खिडकीसुद्धा नाही. मार्ग त्याने स्वतः नकाशांवर आखला, १००-१०० मैलांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला नवी दिशा मोजून.

२० मे १९२७ ला सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी तो निघाला. आदल्या रात्री झोप नव्हती. समुद्रावर धुकं, पंखांवर बर्फ, आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे झोप. २१ मे च्या रात्री १० वाजून २२ मिनिटांनी तो पॅरिसच्या ले बुर्जे विमानतळावर उतरला. साडेतेहतीस तास, सुमारे ५,८०० किलोमीटर. महासागर ओलांडून आयर्लंडचा किनारा दिसला, तेव्हा तो आखलेल्या मार्गापासून जेमतेम ३ मैल बाजूला होता.

३ वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये रस्ता चुकून भलत्याच गावात उतरलेला मुलगा तो हाच!

सोडलेला हुद्दा

इथे गोष्ट संपवली तर ती अर्धवट राहील.

प्रसिद्धीने लिंडबर्गला सुख दिलं नाही. १९३२ मध्ये त्याच्या २० महिन्यांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. पत्रकारांच्या ससेमिऱ्याला कंटाळून १९३५ मध्ये तो कुटुंबासह इंग्लंडला गेला. १९३७ मध्ये पत्नी ॲनबरोबर स्वतःचं छोटं विमान घेऊन तो भारतातही आला होता, पार कलकत्त्यापर्यंत.

याच काळात त्याने जर्मनीच्या वाऱ्या केल्या. नाझींचं हवाई दल बघून तो भारावला. १९३८ मध्ये गोअरिंगच्या हातून त्याने पदक स्वीकारलं आणि नंतर कितीही टीका झाली तरी परत केलं नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात पडू नये, म्हणून त्याने देशभर सभा घेतल्या. एप्रिल १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी जाहीर खटका उडाल्यावर त्याने राखीव दलातला कर्नलचा हुद्दा सोडून दिला. सप्टेंबर १९४१ मध्ये तर त्याने एका भाषणात देशाला युद्धाकडे ढकलण्याचा ठपका ज्यूंवर ठेवला. त्या भाषणाचा डाग त्याच्या नावावरून कधीच पुसला गेला नाही, आणि पुसला जाऊही नये. आपल्याला काय कळत नाही, हे ब्रुक्स फील्डवर ज्याला वेळेत कळलं होतं, त्याला राजकारणात ते कळलं नाही.

पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर त्याने हुद्दा परत मागितला. सरकारने दिला नाही.

नागरिक शिकवतो सैनिकांना

तरी १९४४ मध्ये तो पॅसिफिकच्या रणांगणावर पोहोचला, एका विमान कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून. वय ४२. अंगावर हुद्दा नाही. तिथे त्याने नागरिक असूनही सुमारे ५० लढाऊ मोहिमांमध्ये उड्डाण केलं आणि एक जपानी विमानही पाडलं.

पण त्याचं खरं काम वेगळं होतं. पी-३८ लायटनिंग ही अमेरिकेची दोन इंजिनांची लढाऊ विमानं होती. मोहिमेवरून परतल्यावर जमिनीवरच्या मेकॅनिकांच्या लक्षात आलं, की बाकीच्यांच्या टाक्या तळाला गेलेल्या असतात, पण या पाहुण्याच्या टाकीत बरंच इंधन शिल्लक असतं. त्याची युक्ती साधी होती. इंजिनाचे फेरे कमी ठेवायचे, दाब थोडा वाढवायचा आणि इंधनाचं मिश्रण पातळ करायचं. असं केलं तर इंजिन खराब होईल, असं तरुण पायलटांना शिकवलेलं होतं. त्याने स्वतः करून दाखवलं. तोच पल्ला आता कितीतरी वाढला. समुद्रात इंधन संपून बुडण्याची भीती घेऊन उडणाऱ्या पोरांसाठी ही जीव वाचवणारी शिकवणी होती.

इंधनाच्या थेंबाथेंबाचा हा हिशोब त्याने शिकला होता अटलांटिकवर, टपालाच्या विमानात, आणि त्याच्याही आधी स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरलेल्या जेनीत. आर्मीने त्याला जे दिलं, ते बाहेरच्या जगात शिकलेल्या गोष्टीने त्याने फेडलं.

१९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला हवाई दलाच्या राखीव तुकडीत ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांपैकी माउईवर त्याचं निधन झालं.

आणि आपल्याकडे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊया. भारतीय हवाई दलाचे नियम काय सांगतात?

एएफकॅट परीक्षेतून फ्लाइंग ब्रँचला जायचं, तर वयाची अट २० ते २४ वर्षं आहे. पण डीजीसीएचं चालू कमर्शियल पायलट लायसन्स असेल, तर ही मर्यादा २६ वर्षांपर्यंत शिथिल होते. एनसीसीच्या एअर विंगचं सी सर्टिफिकेट असणाऱ्यांसाठी वेगळी विशेष एंट्री आहे. म्हणजे अनुभवाला थोडी किंमत नक्की आहे.

पण पायलटसाठीची जी संगणकीय निवड चाचणी असते, ती सगळ्यांना सारखीच. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात, तर हातात लायसन्स असूनही फ्लाइंग ब्रँचचा दरवाजा बंद. आणि निवड झालीच, तर हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकॅडमीत बारामती किंवा गोंदियात २०० तास उडवून आलेला आणि आयुष्यात विमानाला हातही न लावलेला, दोघं एकाच रांगेत उभे राहतात.

म्हणून केवळ एअरफोर्समध्ये सोपं जावं यासाठी लाखो रुपये घालून लायसन्स काढायचं असेल, तर घरच्यांनी शांतपणे विचार करावा. एनसीसीचा पर्याय कितीतरी स्वस्त आहे. नागरी पायलट म्हणूनही करिअर करायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी, मग ते पैसे वाया जात नाहीत.

आणि ज्यांच्या लॉगबुकमध्ये आधीच तास जमा आहेत, त्यांनी दुंडिगलला जाताना ते लॉगबुक खुशाल घरी कपाटात ठेवावं. सोबत न्यायची ती फोटोग्राफीच्या पेपरातल्या त्या ७२ गुणांची आठवण.